ट्रेलर जोडल्यावर सुरू होणारी दुखणी: वाचकांचे प्रश्न

मोठ्या पिकअपने ट्रेलर ओढणाऱ्या वाचकांच्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: ‘मेकॅनिक म्हणतो अमुक पार्ट गेलाय, बदलू का?’ या वेळच्या निम्म्याहून अधिक पत्रांना आमचं पहिलं उत्तर एकच आहे, की आधी मोजा. वजनकाट्याची पावती, क्लॅम्प मीटर आणि लेझरचा थर्मामीटर एवढ्यावर बरीचशी दुखणी उघडी पडतात. वाचकांनी आकडे पाठवले तिथे आम्ही सविस्तर लिहिलं आहे, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न: दोन एक्सलचा ट्रेलर जोडला की पिकअपची शेपटी खाली बसायची. म्हणून ट्रेलरमधलं जड सामान मागच्या दाराकडे सरकवलं आणि पिकअपच्या मागच्या पाट्यांवर एअर बॅग बसवल्या. गाडी आता सपाट दिसते, पण ताशी ८० किलोमीटरच्या पुढे ट्रेलर डुलायला लागतो. काट्यावरचे आकडे असे: नुसती पिकअप (हौद्यातला जनरेटर आणि अवजारपेटी धरून) पुढच्या एक्सलवर १,७८० आणि मागच्यावर १,४२० किलो. ट्रेलर जोडून पुढे १,६६०, मागे १,८६० आणि ट्रेलरच्या दोन्ही एक्सलवर मिळून ३,८८०. शॉकअप बदलू का?

उत्तर: शॉकअपना हात लावू नका. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. पिकअपचं एकूण वजन ३,२०० किलोवरून ३,५२० झालं, म्हणजे ट्रेलरचं नाक हिचवर (पिकअपच्या मागच्या जोडावर) ३२० किलो टेकतंय. ट्रेलर एकूण ३२० अधिक ३,८८०, म्हणजे ४,२०० किलोचा. नाकावरचं वजन जेमतेम साडेसात टक्के झालं. मागच्या बंपरखालच्या बॉलवर ओढायच्या ट्रेलरला ते १० ते १५ टक्के हवं, तुमच्या ट्रेलरला ४२० ते ६३० किलो. बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, तसा तुमचा ट्रेलर जवळजवळ उलाळ आहे. असा ट्रेलर सरळ रेषेत राहत नाही. शेजारून मोठं वाहन गेलं किंवा वारा आला की तो एकदा झुलतो, आणि वेग जास्त असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो.

शेपटी बसली म्हणून तुम्ही सामान मागे नेलंत, इथेच गफलत झाली. पुढच्या एक्सलचं वजन १२० किलोने कमी झालंय आणि मागच्याचं ४४० ने वाढलंय. नाकावर ३२० किलो असूनही मागे ४४० वाढले, कारण बॉल मागच्या चाकांच्याही मागे आहे. मागचा एक्सल टेकू होतो आणि पिकअपचं तोंड उचललं जातं. एअर बॅग मागचा भाग वर उचलतात, पण पुढच्या चाकांवरून गेलेले ते १२० किलो परत आणत नाहीत. गाडी सपाट दिसते एवढंच. स्टिअरिंग हलकं ते हलकंच राहतं.

आता दुरुस्ती. नाकावर ५०० किलो येतील असं बघू, म्हणजे आणखी १८० हवेत. समजा बॉलपासून ट्रेलरच्या दोन एक्सलच्या मध्यापर्यंत ५ मीटर अंतर आहे. ४५० किलोचं सामान २ मीटर पुढे आणलंत, तर ४५० गुणिले २ भागिले ५, बरोबर १८० किलो नाकावर वाढतील. स्वतःचं अंतर फितीने मोजून हाच हिशोब करा आणि पुन्हा काट्यावर जा. ट्रेलरमध्ये साधारण ६० टक्के माल एक्सलच्या पुढे हा ठोकताळा माल भरताना उपयोगी पडतो, मात्र खात्री काट्यावरच होते.

नाक जड झालं की शेपटी आणखी बसेल, त्यावर उपाय एअर बॅग नव्हे, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच. तिच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग-दांड्या ताणल्या की वजनाचा काही भाग पिकअपच्या पुढच्या एक्सलवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर जातो. बसवताना एअर बॅगमधली हवा कंपनीने सांगितलेल्या किमान दाबावर आणा. मग पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासूनची उंची मोजा. ट्रेलर नसताना ९६ सेंटिमीटर आणि ट्रेलर टेकवल्यावर ९९ असेल, तर दांड्यांच्या साखळीची एकेक कडी ओढत निदान ९७.५ पर्यंत आणा. पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. ९६ च्याही खाली नेऊ नका, मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर घसरतात. हिचच्या रिसीव्हरवर (हिच जिथे खुपसतात त्या चौकोनी नळीवर) एक लेबल असतं, त्यावर दांड्यांशिवाय किती वजन चालतं आणि दांड्यांसह किती असे दोन वेगळे आकडे असतात. बरेच जण फक्त मोठा आकडा वाचतात.

हे होईपर्यंत वेग ७० च्या आत ठेवा. ट्रेलर डुलायला लागलाच, तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) हाताची पट्टी हलकेच दाबा म्हणजे फक्त ट्रेलर ब्रेक लावेल आणि ताणला जाईल. पायाचा ब्रेक जोरात दाबलात तर ट्रेलर मागून पिकअपला ढकलतो. झोका सावरायला वेग वाढवावा, असा एक सल्ला फिरतो. तो ऐकू नका.

प्रश्न: डिझेल पिकअप, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रिकामी असताना गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान ८५ अंश सेल्सिअस असतं. ट्रेलर घेऊन घाट चढताना १२० च्या वर जातं, एकदा १३० दिसलं. गॅरेजमध्ये गिअरबॉक्स पूर्ण उघडून ओव्हरहॉल करायला सांगितलंय. झटका किंवा घसरणं काही नाही.

उत्तर: गिअर घसरत नसेल आणि झटकाही नसेल, तर ओव्हरहॉलची घाई करू नका. ही उष्णता गिअरमधून कमी आणि टॉर्क कन्व्हर्टरमधून जास्त येते. कन्व्हर्टर लॉक नसताना इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात फक्त तेलाचा दुवा असतो. तेल घुसळलं जातं आणि ती घुसळण सगळी उष्णता होते. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, लांब चढावर कन्व्हर्टर सारखा उघडत राहतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: चढ सुरू व्हायच्या आधी टो-हॉल मोड (ट्रेलर ओढण्यासाठीची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा आणि हाताने एक गिअर खाली घ्या. डिझेल इंजिन २,४०० ते २,८०० आरपीएमवर राहू द्या. कन्व्हर्टर लॉक होतो, पाण्याचा पंप आणि फॅन जोरात फिरतात. आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात, पण गुरगुरत चढणारं इंजिन १,५०० आरपीएमवर दबून चढणाऱ्या इंजिनापेक्षा सुखात असतं. डिस्प्लेवरचा आकडा बहुधा पॅनमधल्या तेलाचा असतो. कन्व्हर्टरमधून नुकतं बाहेर पडलेलं तेल त्याहून बरंच गरम असतं, हेही ध्यानात ठेवा.

एवढं करूनही १२० दिसले, तर या क्रमाने बघा.

कूलरची जाळी. समोर एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), तेलाचा कूलर आणि रेडिएटर एकामागे एक असतात. समोरून बघितलं तर स्वच्छ वाटतात, घाण असते ती मधल्या फटीत. टॉर्च मारून वरून बघा: चिखल, गवताचं बी, किडे, आणि इंजिनाच्या श्वासनळीतून आलेल्या तेलाच्या ओलाव्यावर बसलेली धूळ. धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, साध्या नळीच्या दाबाने. प्रेशर वॉशरने पत्र्याच्या पात्या दुमडल्या की पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होते. तेलकट थर असेल तर आधी डिग्रीझर लावून दहा मिनिटं थांबा.

मग फॅन क्लच. तो चिकट तेलावर चालणारा असेल तर इंजिन तापल्यावर फॅनचा विमानासारखा घोंगाट ऐकू यायला हवा. चढावर कधीच ऐकू येत नसेल तर संशय घ्या. तापलेलं इंजिन बंद करून, किल्ली काढून, फॅन हाताने फिरवा. तो जडपणे फिरून थांबायला हवा. भिंगरीसारखा फिरत राहिला, मधोमध तेलाचा ओघळ दिसला, किंवा पात्याचं टोक पुढे-मागे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त हललं, तर क्लच गेला. इलेक्ट्रॉनिक क्लच असेल तर त्याची तपासणी स्कॅनरवर करावी लागते.

आणि तेल. डिपस्टिक असेल तर तेल तापलेलं असताना, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, पुस्तिकेत सांगितलेल्या गिअरमध्ये पातळी बघा. काही गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे ठरावीक तापमानाला प्लग उघडून पातळी बघतात. कमी तेल तापतं, जास्त भरलेलं तेलही फेसाळून तापतं. बोटावर घेऊन वास घ्या. करपलेला वास आणि गडद तपकिरी रंग असेल तर पॅन उतरवा. तळाच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असेल तर ती रोजची झीज आहे. चमकणारे कण किंवा काळा भुसा असेल तर मात्र तुमच्या गॅरेजचं म्हणणं बरोबर ठरू शकतं. तेल ठोकताळ्याने दर ११ अंशांना निम्मं आयुष्य गमावतं, म्हणून १३० अंश पाहिलेलं तेल पुढच्या तारखेची वाट न बघता बदला. पॅन सोडला की सगळं तेल निघत नाही, कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये अर्ध्याहून जास्त उरतं. फिल्टरसह एकदा बदला, काही शे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा काढून भरा. तेल पुस्तिकेत लिहिलेल्याच प्रतीचं हवं. ‘सगळ्यांना चालतं’ अशा तेलाने कन्व्हर्टर लॉक होताना थरथरायला लागल्याची उदाहरणं कमी नाहीत.

ती थरथर ओळखायची युक्ती सांगून ठेवतो. ताशी ८० च्या आसपास, हलक्या पायाने चालताना खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटलं, तर ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा. ब्रेकचा दिवा लागला की कन्व्हर्टर सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर चाकं, टायर, शाफ्ट यांना दोष देऊ नका. मागे मोकळा रस्ता असेल तेव्हाच हे करा.

प्रश्न: ट्रेलरला चार चाकांवर इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. कंट्रोलरवर ‘ट्रेलर जोडला’ असं दिसतं, गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) पूर्ण वाढवला तरी ट्रेलर ढकलतोच. कधीकधी खड्ड्यात ‘ट्रेलर सुटला’ असा इशारा येऊन जातो. नवा कंट्रोलर घेतला, फरक नाही.

उत्तर: नवा कंट्रोलर घेण्याआधी निळी वायर मोजायला हवी होती. सात पिनांच्या चपट्या पात्यांच्या प्लगमध्ये रंगांची नेहमीची वाटणी अशी: पांढरी अर्थ, निळी ट्रेलरचा ब्रेक, तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावा इंडिकेटर आणि ब्रेकलाइट, हिरवी उजवा, काळी बॅटरी चार्जिंगचे १२ व्होल्ट, मधली जांभळी रिव्हर्सचा दिवा. जुन्या ट्रेलरमध्ये कुणीतरी मधेच रंग बदललेले असतात, म्हणून रंगावर नाही, मीटरवर विश्वास ठेवा.

डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर ट्रेलरच्या निळ्या वायरभोवती लावा, पिकअप चालू ठेवा आणि सोबतच्या माणसाला कंट्रोलरची पट्टी पूर्ण दाबायला सांगा. १० किंवा १२ इंची ड्रमच्या प्रत्येक मॅग्नेटला (करंट मिळाला की ब्रेक लावणाऱ्या चुंबकाला) साधारण ३ अँपिअर लागतात, चार मिळून १२ च्या आसपास. मीटर ९ दाखवत असेल तर एक मॅग्नेट मेला. ६ दाखवत असेल तर दोन, आणि ते बहुधा एकाच एक्सलचे. एका बाजूच्या चाकाकडून दुसऱ्या बाजूला जाणारी वायर काही ट्रेलरमध्ये एक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली असते. ती आत हलून हलून घासते आणि तुटते किंवा नळीला टेकून शॉर्ट होते. खड्ड्यातला तुमचा इशारा याच जातीचा वाटतो. नळीतली वायर ओढून जोडत बसू नका. एक्सलच्या बाहेरून, क्लिप मारून, नवी वायर न्या. १३ च्या वर आकडा गेला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

चाकागणिक मोजल्यावर चारही मॅग्नेट सारखेच अशक्त निघाले, समजा मिळून ९-१० अँपिअर, तर वाटेत व्होल्टेज हरवतंय. पट्टी पूर्ण दाबून प्लगवर आणि मग चाकापाशी व्होल्टेज बघा. दीड-दोन व्होल्टचा फरक असेल तर वायर बारीक आहे, जोड गंजलाय किंवा अर्थ कच्ची आहे. ट्रेलरच्या अर्थचा स्क्रू रंगावर बसवलेला आढळतो. खालचा रंग पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, वर ग्रीसचा हात फिरवा. बॉल आणि हिचमधून अर्थ मिळतेच असं समजून पांढरी वायर तुटकी ठेवणारेही आहेत. गाडी वळली की ती अर्थ गायब होते.

करंट पूर्ण मिळूनही ब्रेक लागत नसेल, तर दोष लोखंडाचा. चाक उचला, मागच्या पत्र्यातल्या फटीतून दात्यांचं चाक फिरवत ब्रेक इतका घट्ट करा की चाक हाताने फिरवणं कठीण जाईल, मग हलकी घसट जाणवेपर्यंतच सैल करा. नव्या ब्रेकना पहिल्या ३०० किलोमीटरनंतर आणि पुढे दर ५,००० किलोमीटरला ही घट्टाई लागते. ड्रम काढल्यावर लायनर ग्रीसने ओले दिसले तर ते पुसून चालत नाही, त्या एक्सलचे दोन्ही बाजूंचे लायनर बदला. नवे लायनर बसवल्यावर ताशी ६० वरून ३० पर्यंत, फक्त हाताच्या पट्टीने, वीसेक वेळा वेग कमी करा. त्याआधी ब्रेक पूर्ण ताकदीने धरतील अशी अपेक्षा ठेवू नका.

गेन शेवटी लावायचा. सपाट कोरड्या रस्त्यावर ताशी ४० ला पट्टी पूर्ण दाबा, चाकं लॉक होण्याच्या किंचित अलीकडे आकडा ठेवा. रिकाम्या ट्रेलरला वेगळा, भरलेल्याला वेगळा. आणि प्लग काढून ठेवलेला असताना ब्रेक-अवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) पिन ओढून बघा, चाकं जाम व्हायला हवीत. तपासणी झाली की पिन लगेच परत घाला, नाहीतर बॅटरी आणि मॅग्नेट दोन्ही तापतात. पिनची दोरी पिकअपच्या चेसिसला अडकवा, हिचच्या काढत्या तुकड्याला नाही. तो तुकडाच निसटला तर दोरी त्याच्यासोबत जाईल.

प्रश्न: ट्रेलरची बेअरिंग बाहेरच्या निपलमधून ग्रीस मारून भरता येत असताना ती उघडायची काय गरज?

उत्तर: निपलमधून ग्रीस जातं, पण बेअरिंग दिसत नाही. शिवाय गनने जोर लावला तर मागचं सील उलटून ग्रीस थेट ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. मागच्या प्रश्नातले ओले लायनर बहुतेक वेळा असेच होतात. वर्षातून एकदा किंवा १९,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, उघडाच.

रोलर आणि बाहेरची कडी रॉकेलने धुऊन उजेडात फिरवा. निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापलंय, बारीक खड्डे म्हणजे पाणी शिरलंय. दोन्हींत बेअरिंग आणि कडी जोडीनेच बदला. ग्रीस एनएलजीआय २ प्रतीचं, लिथियम कॉम्प्लेक्स. जुनं कोणतं होतं माहीत नसेल तर ते सगळं धुऊन काढा, सगळी ग्रीस एकमेकांत मिसळत नाहीत. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, दुसऱ्या कडेने ग्रीस रोलरच्या फटींतून शेवयांसारखं बाहेर येईपर्यंत. सील प्रत्येक वेळी नवं.

बसवताना चाक फिरवत नट ६८ न्यूटन-मीटरला आवळा म्हणजे बेअरिंग जागेवर बसतं. मग नट पूर्ण सैल करा, चाक न फिरवता नुसत्या बोटांनी आवळा आणि स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर पुढच्या खाचेपर्यंत मागे घ्या, पुढे नाही. चाकाला ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर खेळ राहायला हवा. पान्याने आवळून तसाच ठेवलेला नट हे बेअरिंग जळण्याचं आम्हाला सर्वांत जास्त दिसणारं कारण आहे. पहिल्या फेरीत अर्ध्या तासाने थांबून लेझर थर्मामीटरने प्रत्येक हब मोजा. आकडा किती यापेक्षा बाकीच्यांशी जुळतो का ते बघा. एकच हब इतरांपेक्षा ३० अंशांनी गरम असेल तर तिथे ब्रेक घासतोय किंवा नट घट्ट आहे.

प्रश्न: चढावर काळा धूर, ताकद कमी, बॉनेटमधून ‘स्सss’ असा आवाज. टर्बो गेला असं सांगतात.

उत्तर: टर्बो उतरवण्याआधी इंटरकूलरचे रबरी पाइप बघा. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, हवा कमी पडतेय. (धूर नसताना ताकद गेली तर उलट: डिझेल कमी पडतंय, फिल्टर बदला आणि पाणी वेगळं करणाऱ्या भांड्यातलं पाणी सोडा.) ट्रेलर ओढताना बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये टर्बोचा दाब २५ ते ३० पीएसआयपर्यंत जातो. पाइपाला बारीक चीर असली तर रिकाम्या गाडीत ती बंद राहते, दाब आला की ओठासारखी उघडते. म्हणून पाइप वाकवून, क्लॅम्पच्या कडेला आणि खालच्या बाजूला बघा. तेलाचे काळे शिंतोडे उडालेले असतील तिथेच गळती आहे.

दिसलं नाही तर टर्बोच्या तोंडाला झाकण बसवून रेग्युलेटरमधून १५ पीएसआय हवा द्या आणि साबणाचं पाणी फवारा. त्याहून जास्त दाब देऊ नका, आणि समोर तोंड धरून उभे राहू नका. पाइप निसटत असेल तर नुसता क्लॅम्प आवळून उपयोग नाही. आतला तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा, नळीही आणि रबरही. कोरडंच बसवा, घसरावं म्हणून ग्रीस लावलंत तर पहिल्या चढाला परत निसटेल. स्क्रूच्या पट्टीऐवजी टी-बोल्टचा क्लॅम्प वापरा आणि इंजिन एकदा तापून थंड झाल्यावर पुन्हा आवळा.

हवा कमी असताना तसंच ओढत राहिलात तर एक्झॉस्ट तापतो. मीटर लावलेला असेल तर टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या वर सलग राहू देऊ नका. गिअर खाली, पाय हलका. आणि चढ संपल्यावर लगेच इंजिन बंद न करता दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल करपत नाही.

प्रश्न: ट्रेलर लावला की युरियाचं द्रावण (एक्झॉस्टमधलं प्रदूषण कमी करायला फवारलं जाणारं) जवळपास दुप्पट लागतं. गळती असेल का?

उत्तर: बहुधा नाही. ते द्रावण डिझेलच्या प्रमाणात फवारलं जातं, आणि लोड वाढला की प्रमाणही वाढतं. टाकीखाली पांढरे स्फटिक जमलेले दिसले तरच गळती समजा. द्रावण ३२.५ टक्क्यांचंच घ्या, घरी युरिया विरघळवून भरलेली टाकी आणि पंप दोन्ही बदलावे लागतात.

प्रश्न: भरलेल्या ट्रेलरसह सुटताना, ताशी ३० पर्यंत, गाडी खालून थरथरते, मग थांबते. शिवाय डिफरन्शियलच्या पिनियनचं सील वर्षात दोनदा गळलं.

उत्तर: या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थरथर प्रोपेलर शाफ्टची. लांब पिकअपमध्ये शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. मागचा भाग बसला की शाफ्टचे कोन बदलतात, आणि सुटताना टॉर्क सर्वांत जास्त असतो. फाटलेलं रबर तेव्हाच उडी मारतं. गाडीखाली जाऊन (चाकांना ओट लावून, ट्रेलर सोडून) सेंटर बेअरिंग हाताने वर-खाली हलवा. मग क्रॉस (शाफ्टचे वळते सांधे) बघा. टोप्यांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली की आतलं ग्रीस संपून सुया गंजल्या समजा. शाफ्ट सोडण्याआधी प्रत्येक सांध्यावर रंगाची रेघ ओढा. सरकता सांधा एक दाता इकडे-तिकडे बसला तर नवा क्रॉस टाकूनही थरथर राहते, उलट वाढते. सगळं ठीक असूनही थरथर राहिली तर हौद्यातलं आणि नाकावरचं वजन मोजा.

सीलच्या बाबतीत, दोनदा सील बदललं पण एक्सलची श्वासनळी कुणी उघडली का? एक्सलच्या नळीवर एक छोटी टोपी असते किंवा तिथून वर गेलेली बारीक नळी. चिखलाने ती बुजली की तापलेल्या तेलाचा दाब सीलमधून वाट काढतो. टोपी काढा, नळीतून फुंकून बघा. तेल बदलताना आधी भरायचा प्लग उघडा, मगच रिकामं करायचा. भरायचा प्लग गंजून बसला असेल तर ते तेल काढून झाल्यावर कळायला नको. नेहमी ओढणाऱ्या गाडीत सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-१४०, पुस्तिकेत दिलेलं. लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल) असेल तर तिचं ॲडिटिव्ह विसरलात तर वळताना कुरकुर ऐकू येईल.

प्रश्न: कपलर (ट्रेलरच्या नाकाची वाटी) बॉलवर नीट बसून कुलूप लागलं होतं, तरी गतिरोधकावर ट्रेलर उडाला. साखळ्यांमुळे वाचलो.

उत्तर: बॉलचा आकार बघा. २ इंची बॉलवर २ ५/१६ इंची कपलर बसतो, कुलूपही लागतं, आणि पहिल्या मोठ्या उडीला निसटतो. ५० मिलिमीटर आणि २ इंच (५०.८) हेही एकच नाहीत. आकार बॉलच्या माथ्यावर आणि कपलरच्या पत्र्यावर कोरलेला असतो. जोडल्यावर ट्रेलरच्या जॅकने नाक उचला. पिकअपची शेपटी सोबत वर आली तरच पकड खरी. बॉलचा नटही टॉर्क पान्याने आवळायचा आहे: पाऊण इंची दांड्याला साधारण २१५, एक इंचीला ३४०, सव्वा इंचीला ६१० न्यूटन-मीटर. गॅरेजमधल्या साध्या पान्याने हे होत नाही.

प्रश्न: उन्हाळ्यात ट्रेलरच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे फुटत नाहीत, हे खरं का?

उत्तर: हे उलट आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दुमडते, दुमडण्याने तापते आणि तापून आतला थर सुटतो. दाब सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. ट्रेलरच्या टायरवर लिहिलेला कमाल दाब, उदाहरणार्थ लोड रेंज (भार पेलण्याचा वर्ग) ई असेल तर बहुधा ८० पीएसआय, थंड टायरचाच असतो. चालताना तो वाढतो: ८० पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंशांना साधारण ३ पीएसआय. ही वाढ टायर बनवताना धरलेली असते, तापलेल्या टायरमधून हवा काढू नका.

ट्रेलरचे टायर नक्षी झिजून क्वचितच संपतात, वयाने संपतात. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर नक्षी कोरी असली तरी भरल्या ट्रेलरला नको. जुन्या खुणांच्या बऱ्याच ट्रेलर टायरची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर असते, नव्यांवर अक्षर असतं, ते वाचा. चाक काढून बसवलं असेल तर ८० ते १६० किलोमीटरनंतर एकदा थांबून नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. अ‍ॅलॉयच्या चाकांत ते हमखास थोडे फिरतात.